धोंडीराममामांची तरवडाची वही

धोंडीराममामांनी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. हुद्दा लॅब अटेंडंटचा. कपडे खाकी आणि संस्थेच्या मापाचे, म्हणजे खांद्यात घट्ट आणि कमरेत ढगळ. मुलं त्यांना मामा म्हणत. सोलापुरातल्या कुठल्याही कॉलेजात शिपायाला आणि अटेंडंटला मामाच म्हणतात. त्यात माया किती आणि सवय किती, हे मामांनी कधी तपासून पाहिलं नाही. तपासायला त्यांच्यासमोर रोज दोनशे नळ्या असायच्या.

शिक्षण वैरागच्या शाळेत सातवीपर्यंत. पण नजर अशी, की नवे डेमॉन्स्ट्रेटरसुद्धा आधी मामांकडे बघायचे आणि मग विद्यार्थ्याला मार्क द्यायचे. रंग पिवळा की पिवळसर, तळाशी बसणारा साका पांढरा की दुधी, हे मामा लांबून सांगत. एका गोष्टीवर मात्र ते चिडत. काही मुलं उत्तर आधी वहीत लिहायची आणि मग त्या उत्तराला शोभतील अशी रीडिंगं मागून भरायची. मामा ती वही दोन बोटांत धरून उचलायचे आणि म्हणायचे, "आदी उत्तर, मग प्रयोग. व्हय की न्हाय? मग ही नळी कशाला धुवायला लावली मला?" मुलं हसायची. मामा हसायचे नाहीत, पुढच्या टेबलाकडे जायचे.

दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे. ॲसिडनं बोटांची टोकं खरबरीत झाली होती. साडेपाचला गिरणीच्या भोंग्यासरशी ते सायकल काढत आणि चाळीतल्या दोन खोल्यांकडे निघत. तिथं त्यांची बायको वच्छला असे. एकुलती एक मुलगी मालती माढ्याला दिलेली. त्यामुळे घरात दोघंच, आणि बोलणं त्याहून कमी. भांडण असं काही नव्हतं. मामा दमून यायचे, जेवायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. वच्छला दिवसभराचं काहीबाही सांगू लागली, तर "हं, हं" करता करता त्यांचा डोळा लागायचा. पुढं पुढं तिनंही सांगायचं सोडून दिलं.

त्र्याहत्तरच्या दिवाळीत वच्छलाची आई तानाबाई वैरागहून राहायला आली. म्हातारीला शहराचं कशाचंच कौतुक नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती मागच्या मोरीत हातपाय धुवायला गेली आणि तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"धोंडीराम, मोरीला मुंग्या लागल्यात की."

"लागू द्या. पावडर टाकतो."

"पावडर टाकून काय व्हनार? कुनाची तरी लगवी गोड झालिया. माझ्या आत्याला असंच झालतं. पाय गेला तिचा."

मामांनी तेव्हा म्हातारीची चेष्टा केली. पण वच्छला महिनाभर सारखी पाणी पीत होती आणि तिच्या बांगड्या हातात सैल झाल्या होत्या, हे त्यांना दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागप्रमुखांना विचारून एका छोट्या बाटलीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घरी आणलं. नळीत निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळी. साखर नसेल तर निळा तो निळाच राहतो. थोडी असली तर हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी, आणि पार वाट लागली असेल तर विटकरी. मामांनी हा प्रयोग हजार वेळा मुलांकडून ग्लुकोजवर करून घेतला होता. त्या सकाळी घरातली नळी बघता बघता विटकरी झाली. डॉक्टरांनी सांगण्याआधी मामांना ते कळलं. कळल्याबरोबर त्यांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

दवाखान्यात इंजेक्शन लिहून दिलं. रोज सकाळी, चुकवायचं नाही. फ्रीज चाळीत कुणाकडेच नव्हता. माठाखालच्या ओल्या वाळूत एक डबी पुरून मामा त्यात इन्सुलिनची बाटली ठेवत. काचेची सिरिंज पातेल्यात उकळत, सुई तारेनं साफ करत आणि वच्छलाच्या दंडात, नाहीतर मांडीत टोचत. हात हलका होता त्यांचा. तरी तिच्या मांडीवर गाठी आल्या. सुई दिसली की ती तोंड भिंतीकडे करी.

आणि त्याआधी नळी. हे वच्छलाला इंजेक्शनापेक्षा जड गेलं. ज्या गोष्टीचं नावसुद्धा बाईमाणसानं घरात काढायचं नाही, ती नवऱ्यानं काचेत भरून उजेडाला धरायची, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. शेगडीवर उकळायची तर तिची शपथच होती. मामांनी शाईच्या दौतीत वात घालून स्पिरिटचा वेगळा दिवा केला आणि तो मोरीच्या कट्ट्यावर ठेवला. लॅबमधली एक रुंद तोंडाची बाटली आणून दिली. तिला एवढंच सांगितलं, "रोज चांगली धुऊन घेत जा. आदल्या दिवसाचं काय राहिलं तर रंग चुकतो."

तेव्हापासून पहाटे ती बाटली कट्ट्यावर ठेवायची, वरून कागदाचा तुकडा झाकायची आणि आत निघून जायची. मामा बाटली उचलायचे. त्या दहा मिनिटांत दोघं एकमेकांकडे बघत नसत. नंतरही त्याबद्दल बोलत नसत. वर्षभर असं चाललं. रंग कधी नारिंगी, कधी विटकरी, इंजेक्शनाचा आकडा वाढवला की चार दिवस पिवळा. सकाळची सुरुवातच मामांची पडलेल्या चेहऱ्यानं व्हायची आणि तोच चेहरा घेऊन ते कॉलेजला जायचे.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये कॉलेजात पुराणिक सरांनी तरवड काढला. यज्ञेश्वर पुराणिक वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला बसले होते, त्यामुळे स्टाफरूममध्ये त्यांची थट्टा चालायची. विषय होता, मधुमेहावर लोक पूर्वापार वापरतात त्या झाडांची रसायनं. जांभळाच्या बिया झाल्या, बेडकीचा पाला झाला, आणि शेवटी सर तरवडावर आले. सोलापूरच्या आसपास माळावर दुसरं काही उगवो न उगवो, तरवड उगवतोच. बहात्तरला सगळं करपलं, तेव्हाही हिप्परग्याच्या वाटेला तरवड पिवळाधमक उभा होता. नवरात्रात घटावर त्याच्या फुलांची माळ चढते. चामडं कमावणारे त्याची साल नेतात. त्याच्या फुलांचा काढा गोड लघवीवर देतात, हे सरांना पुस्तकात सापडलं होतं आणि मामांना सासूकडून कळलं होतं.

मामा दर रविवारी सायकलीला पोतं बांधून माळावर जात. फुलं वेगळी, पानं वेगळी, साल वेगळी. सरांनी पहिल्यांदा गच्चीवर उन्हात पसरायला सांगितलं होतं. मामा म्हणाले, "सर, उन्हात नगं. आमच्याकडं औषध सावलीतच वाळवत्यात." सरांनी ऐकलं. मग विभागाच्या अडगळीच्या खोलीत वर्तमानपत्रांवर तरवड वाळत पडला. सबंध मजल्याला कडवट वास यायचा. वाळला की मामा खलबत्त्यात कुटायचे, चाळायचे आणि सॉक्सलेटच्या काचेच्या नळकांड्यात भरायचे. खालून द्रव उकळे, वर चढे, थंड होऊन भुकटीवर ठिबके आणि अर्क घेऊन परत खाली येई. सहा-सहा तास हे चाले आणि मामा स्टुलावर बसून राखत. तेवीस वर्षांत बसून करायचं असं हे पहिलंच काम त्यांना मिळालं होतं.

एका दुपारी सरांनी त्यांना टेबलाजवळ बोलावलं. नळीत पर्मँगनेटचं जांभळं पाणी होतं. सरांनी त्यात तरवडाच्या फुलांच्या अर्काचे काही थेंब सोडले. जांभळा रंग उडाला आणि तळाशी थोडा तपकिरी गाळ राहिला.

"बघितलंत? ह्यात टॅनिनं आहेत, फ्लेव्होनॉइडं आहेत. ऑक्सिडेशन स्वतःच्या अंगावर घेतात आणि दुसऱ्याला वाचवतात. साखरेच्या दुखण्यात शरीरात आत असंच काही बिघडत असेल आणि हा अर्क ते अडवत असेल, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे."

शेवटचं वाक्य सरांनी दोनदा म्हटलं. मामांच्या कानात मधलंच राहिलं. ती उडालेली जांभळी नळी मनात घेऊन ते त्या संध्याकाळी सायकल चालवत घरी गेले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना चढावर धाप लागली नाही.

सरांना विचारूनच त्यांनी काढा सुरू केला. सर म्हणाले, "लोक शेकडो वर्षं पितात, तेव्हा प्यायला हरकत दिसत नाही. पण इंजेक्शनाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, धोंडीराम. आणि टिपण ठेवा." विद्यार्थ्यांची कोरी उरलेली एक लाल कापडी पाठीची प्रॅक्टिकलची वही मामांनी घेतली. पट्टीनं रकाने आखले. तारीख, काढा किती, इंजेक्शन किती, रंग. सुरुवात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

वच्छला काढा प्यायली. कडू, तुरट, जिभेला ओढणारा. रोज पेलाभर. "तुमी म्हनताय तर पिते," एवढंच म्हणाली. पहिला महिना वहीत ओळीनं नारिंगी, नारिंगी, विटकरी, नारिंगी. मामा रोज तो शब्द लिहीत आणि वही आपटून बंद करत.

दिवाळीनंतर एका सकाळी नळी पिवळी झाली.

मामांना आधी खरं वाटलं नाही. पुन्हा केली, पुन्हा पिवळी. आकडा तोच, काढा तोच. ते नळी हातात घेऊनच आत आले. एरवी असं कधी करत नसत. शेगडीजवळ वच्छलाच्या शेजारी पाटावर बसले. तिनं चहा दिला. चहा पिता पिता त्यांनी तिला सॉक्सलेट सांगितलं, पर्मँगनेट सांगितलं, पुराणिक सर स्टाफरूममध्ये कसे चिडतात त्याची नक्कल केली. वच्छला पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवशी कॉलेजला निघताना मामांनी सायकलची घंटी उगाचच दोनदा वाजवली.

मग दोन दिवस नारिंगी आणि पुन्हा पिवळा. मग पिवळाच. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरली तेव्हा हिरवा. मामा रोज सकाळी चहाला तिच्याजवळ बसू लागले. महाशिवरात्रीच्या सुमाराला नळी उकळून उकळून निळीच राहिली आणि मामांनी वहीत "निळा" हा शब्द इतका जपून काढला, की एकदा शाईचं बोट लागलं म्हणून ओळ खोडून पुन्हा लिहिली.

आता इथं सांगायला हवं, की मामांना काही दिसत नव्हतं असं नाही. बाटलीतलं पाण्यासारखं फिकट झालं होतं. उकळताना जो वास नाकात बसायचा तो येईनासा झाला होता. ज्या माणसाला लांबून दुधी आणि पांढरा कळतो, त्याला हे कळू नये? मामांनी मनाशी म्हटलं, साखर गेली म्हणजे सगळंच साफ झालं असणार. मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग होतीच. मामांनी पाणी गळतंय म्हणून असेल असं म्हणून तिच्यावर गॅमेक्झिनची पावडर टाकली. रांग पलीकडून आली. पुन्हा टाकली. तानाबाई असती तर कमरेवर हात ठेवून उभी राहिली असती, पण ती वैरागला होती आणि मुंग्या मारताना मामांना तिची एकदाही आठवण झाली नाही.

इंजेक्शन त्यांनी आधी निम्मं केलं. डॉक्टरांना विचारायला गेले नाहीत. तिथं रांगेत अर्धा दिवस जातो, रजा मिळत नाही, ही कारणं खरीच होती. रंग निळाच राहिला. होळीला त्यांनी सिरिंज उकळून, पुसून, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिली. वच्छलानं त्या फडक्याकडे बघून देवाला हात जोडले. पुराणिक सरांना मामांनी रंग सांगितला, इंजेक्शन सांगितलं नाही; वहीतल्या त्या रकान्यातही ते नुसतीच 'वरीलप्रमाणे' अशी खूण करत गेले होते. सर वही चाळून म्हणाले, "एका माणसावरून काही ठरत नाही. पण मे महिन्यात पुण्याला चर्चासत्र आहे, तिथं ही वही दाखवावी म्हणतो." मामांनी त्या रात्री ही गोष्ट वच्छलाला सांगितली. ती उठून भांडी आवरू लागली. पुण्याचं नाव ऐकून बुजली असेल, असं मामांना वाटलं.

मार्चअखेरपासून सोलापूर तापलं. वच्छला पुन्हा माठच्या माठ रिकामे करू लागली. सगळेच करत होते. गळून जायची, दुपारी फरशीवर पडून राहायची. सगळेच पडत होते. नवी चप्पल लागून उजव्या पायाच्या बोटाला फोड आला, फुटला, आणि बरा होईना. मामांनी हळद लावली. पोटऱ्या काठीसारख्या झाल्या होत्या. मामा रोज सकाळी निळा लिहीत होते.

एप्रिलात बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. बाहेरून परीक्षक आलेले. अकराच्या सुमाराला शेजारच्या गिरिजाबाईंचा नवरा धापा टाकत लॅबच्या दारात आला. वच्छला मोरीपाशी पडली होती आणि हाका मारल्या तरी ओ देत नव्हती. मामा हातातली नळी तशीच टेबलावर आडवी ठेवून निघाले. ती घरंगळून फुटली. त्यांच्या हातून फुटलेली ती कितीतरी वर्षांतली पहिली नळी.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं तिचा श्वास हुंगला, डोळे बघितले आणि विचारलं, "इंजेक्शन कधीपासून बंद आहे?"

"डॉक्टरसाहेब, साखर न्हाय तिला. निळा येतो. दीड महिना रोज निळा."

डॉक्टर वाद घालत बसला नाही. रबरी नळीनं लघवी काढली, कोपऱ्यातल्या टेबलावर मामांच्यासमोर आठ थेंब टाकले आणि उकळी आणली. विटकरी. नुसती विटकरी नव्हे, तळाशी गाळ बसला.

"तुमचं द्रावन खराब असंल," मामा म्हणाले. म्हणताना त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना. द्रावणाचा निळा बाटलीत स्वच्छ दिसत होता.

तीन दिवस ती अर्धवट शुद्धीत होती. हाताला सलाईन, दर थोड्या वेळानं इन्सुलिन. मामा पलंगाशेजारी चटई टाकून बसून होते. विचार करण्याची ताकद राहिली नव्हती आणि एक विचार तर करायचाच नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले, पाणी मागितलं. मालती माढ्याहून आली होती, ती चहा आणायला खाली गेली. तेवढ्यात वच्छला म्हणाली, "अवो, पुन्याला ती वही गेली का?"

"न्हाय अजून."

"धाडू नगा."

मामा चटईवरून उठून तिच्या उशाशी आले.

"मी पानी घालत हुते त्यात."

वॉर्डात पंखा फिरत होता, पलीकडच्या पलंगावरची बाई कण्हत होती. मामांनी चादरीचं टोक सरळ केलं.

"दिवाळी झाल्यावर एक दिवस बाटली धुतली आन् पानी तसंच ऱ्हायलं खाली. माझ्या ध्यानातच न्हाय आलं. त्या दिशी तुमी आत आलासा. माझ्याजवळ बसून च्या पिलासा. किती बोलला. मला वाटलं, का बरं? मग ध्यानात आलं." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "दुसऱ्या दिशी न्हाय घातलं. तुमचं त्वांड पुन्ना तसंच. मग घालायला लागले. आदी थोडं, मग लई. शेवटी शेवटी तर पानीच."

"अगं, पर इंजेक्शन बंद केलं मी त्याच्यावर."

"त्याचाबी कट्टाळा आलताच की मला. खोटं कशाला बोलू." तिनं डोळे मिटून घेतले. "पानीच तर घातलं. इख न्हाय घातलं. मला काय ठावं, पान्यानं असं व्हतंय."

मामांना राग आला नाही. आला असता तर सोपं गेलं असतं. त्यांना फिकट पाणी आठवलं, न आलेला वास आठवला, मोरीच्या कडेची पांढरी पावडर आणि तिला वळसा घालून आलेली रांग आठवली. तेवीस वर्षं त्यांनी मुलांच्या वह्या दोन बोटांत धरून उचलल्या होत्या.

"तू पानी घातलंस, खरं हाय," ते म्हणाले. "पर मला दिसत हुतं, वच्छे. दिसत हुतं आन् मी लिवत हुतो."

ती रडली नाही. मामा रडले. भिंतीकडे तोंड करून, आवाज न करता, खाकी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत. मालती चहा घेऊन आली तेव्हा दोघंही छताच्या पंख्याकडे बघत होती.

पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला हे नशीब समजा. तीन आठवड्यांनी मामांनी तिला रिक्षानं घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले. पुराणिक सर अडगळीच्या खोलीत पुण्याचे कागद लावत होते. खोलीला अजून तरवडाचा वास येत होता. मामांनी वही त्यांच्यासमोर ठेवली.

"सर, ही वही खोटी हाय."

मग उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पाणी, चहा, मुंग्या, होळीला बंद केलेलं इंजेक्शन. वच्छलाचं कमी सांगितलं, स्वतःचं जास्त. सरांनी चष्मा काढला. वही उघडून एकेक पान बघितलं. जपून काढलेल्या त्या अक्षरावर थोडा वेळ थांबले.

"वहिनी कशा आहेत आता?"

"बऱ्या हायत. चालाय येत न्हाय अजून."

"मी तुमच्यावर वही सोपवली, पण एकदाही घरी येऊन बघितलं नाही. चूक माझीही आहे." सरांनी वही मिटली आणि परत मामांच्या हातात दिली. पुण्याच्या कागदांतलं या वहीबद्दलचं पान काढून त्यांनी चार घड्या करून खिशात घातलं. "तरवडाला मात्र दोष देऊ नका. त्याची परीक्षा झालीच नाही. पुढं कधी नीट करायची म्हटलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली..."

"तिच्यावर न्हाय सर," मामा म्हणाले. एवढ्या वर्षांत सरांचं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच तोडलं होतं. सर "बरोबर आहे" म्हणाले. मामा खोलीतली वाळलेली फुलं पोत्यात भरायला लागले, कारण तेही काम कुणीतरी करायलाच हवं होतं.

घरी सिरिंज पुन्हा फळीवरून खाली आली. माठाखालची वाळू पुन्हा ओली झाली. वच्छलाला मोरीपर्यंत एकटीला जाता येत नव्हतं. मामांच्या खांद्यावर हात टाकून ती लंगडत जायची आणि मामा दारापाशी पाठ करून उभे राहायचे. पूर्वी या गोष्टीची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. आता ती बाटली कट्ट्यावर ठेवत नसे. त्यांच्या हातात देई.

जूनमध्ये कॉलेज उघडलं, त्या सकाळी त्यांनी नेहमीसारखी नळी उकळली. ती भिंतीला धरून तिथंच उभी होती.

"कुटला हाय?"

मामांनी नळी उजेडाला धरली. "नारिंगी."

"खरं सांगताय न्हवं?"

मामा नळी घेऊन तिच्याजवळ गेले आणि तिच्या डोळ्यांसमोर धरली. ती पहिल्यांदाच ते बघत होती. इतके दिवस ज्याच्यासाठी तिनं काय काय केलं तो रंग कसा दिसतो, हे तिला माहीतच नव्हतं. थोडा वेळ बघून म्हणाली, "झेंडूवानी हाय." मग हलक्या आवाजात, "आज काय बसायचा न्हाय तुमी."

मामांनी नळी धुतली आणि कट्ट्यावर उपडी ठेवली. तिला धरून आत आणलं, पाटावर बसवलं, पायाखाली उशी दिली. इंजेक्शन दिलं. मग स्वतः शेगडी पेटवून दोन कप चहा केला, दोन्ही बिनसाखरेचे, आणि तिच्या शेजारी बसले. बोलायला त्यांच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्यांनी तिलाच विचारलं, दवाखान्यातून आल्यापासून दिवसभर घरात एकटी काय करतेस. वच्छलानं कप खाली ठेवला. मग सांगू लागली. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला, ती सांगतच होती. त्या दिवशी धोंडीराममामा तेवीस वर्षांत पहिल्यांदा कॉलेजला उशिरा गेले.